बाबांची आगगाडी आणि तहानलेलं झाड

नॉर्बर्ट स्टॉफर हा माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. कौंटीच्या करखात्यात इतकी वर्षं खुर्चीला चिकटून बसला, पण आमच्या क्रेमर्सफर्ड गावात त्याच्याविषयी वाईट बोलणारा माणूस सापडायचा नाही. चांगलं बोलणाराही सहसा सापडायचा नाही, पण ती गोष्ट वेगळी. वर्षातून एकदाच त्याचं नाव गाजायचं. डिसेंबरात चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये जेवणानंतर प्रश्नमंजूषा व्हायची, आणि जुन्या खेळण्यांवरचा प्रश्न आला की सगळं गाव माना वळवून नॉर्बर्टकडे बघायचं. जिना उतरणारी स्प्रिंग कुठे जन्मली, कापसाच्या अस्वलाला प्रेसिडेंटचं नाव का पडलं, पत्र्याच्या गाड्या कुठल्या देशातून यायच्या, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बक्षीस म्हणून दरवर्षी एक फ्रूटकेक मिळायचा. तो त्याची बायको मार्लीन दुसऱ्या दिवशी गुपचूप शेजारच्या डेल क्रेबिलला देऊन टाकायची, आणि डेल तो पुढे कुणाला द्यायचा हे आम्हा कुणालाच कळलेलं नाही.

तर असा हा माणूस त्या वर्षी नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंगचं जेवण पचायच्या आत तळघरात उतरला आणि वर येऊन जाहीर करता झाला, "मार्लीन, यंदा झाडाखाली बाबांची आगगाडी चालणार."

मार्लीन भांडी विसळत होती. तिने नळही बंद केला नाही. "अरे, ती गाडी बाबा गेल्यापासून खोक्यात आहे. चालते तरी का?"

"चालवली की चालेल."

"आणि चालवणार कोण?"

या प्रश्नात जो काही अपमान होता तो नॉर्बर्टने गिळला. कारण हा सगळा खटाटोप आपल्या हौसेखातर नव्हताच. तो होता आईसाठी.

नॉर्बर्टची आई हिल्डाबाई दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या वृद्धाश्रमात राहायला गेल्या. स्वतःहून गेल्या, भांडण नाही, तंटा नाही. पण तिथे गेल्यापासून बाईंना काहीतरी झालं होतं. त्या गोड बोलायला लागल्या होत्या. आता बाहेरच्याला यात काय वाईट ते कळायचं नाही. पण ज्या बाईने चाळीस वर्षं कसायाला मांसाचा तुकडा परत करून दुसरा मागितला, पाद्रीबुवांना प्रवचन लांबलं म्हणून तोंडावर सांगितलं, आणि स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने आणलेला हार "हा पडद्याला शोभेल" म्हणून पडद्याला बांधला, ती बाई आता प्रत्येक गोष्टीला "छान आहे" म्हणत होती. सूप पाणचट? छान आहे. खिडकीतून नुसतं गाड्यांचं पार्किंग दिसतं? छान आहे. नॉर्बर्ट रविवारी भेटायला गेला की त्या त्याला "आलास, थँक्यू हं" म्हणायच्या, जसं काही तो दूधवाला आहे. परतताना गाडीत बसून तो बराच वेळ किल्लीच फिरवायचा नाही. आपली आई अजून आहे, पण तिच्यातली आई कुठे गेली, असं त्याला वाटायचं आणि फार वाईट वाटायचं.

आणि मग त्याला आठवायचं लहानपणीचं घर. त्याचे बाबा एमरी स्टॉफर खरोखरच्या रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे झाडाखालची खेळण्यातली गाडीसुद्धा ते नियमाने चालवायचे. वळणावर वेग कमी, पुलावर अजून कमी, आणि कुणी हात लावायचा नाही. बापलेक पोटावर पडून तासन्‌तास गाडी बघायचे. मग स्वयंपाकघरातून हिल्डाबाईंचा आवाज यायचा, "एमरी, बंद करा आता ती गाडी, जेवण गार होतंय!" दर वर्षी, दर संध्याकाळी, तेच वाक्य. त्या वाक्याशिवाय नॉर्बर्टला ख्रिसमस ख्रिसमससारखा वाटायचाच नाही. त्याचा हिशेब साधा होता. झाड आणायचं, खाली गाडी चालवायची, नाताळच्या आदल्या संध्याकाळी आईला घरी आणायचं, आणि जेवणाची वेळ झाली तरी गाडी बंद करायची नाही. मग आई ओरडेल. ओरडलीच पाहिजे.

हा हिशेब त्याने मार्लीनला सांगितला नाही. पन्नाशी उलटलेला माणूस आईने ओरडावं म्हणून धडपडतोय हे सांगायला त्याला लाज वाटली.

आमच्या भागात झाडाखाली नुसती गाडी ठेवून भागत नाही. झाडाखाली अख्खं गाव वसवायचं असतं, त्याला आम्ही पुट्झ म्हणतो. कापसाचा बर्फ, आरशाचं तळं, पुठ्ठ्याची घरं, चर्च, डोंगर, आणि घरांपेक्षा मोठ्या मेंढ्या. मेंढ्या नेहमी घरांपेक्षा मोठ्याच असतात, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. नॉर्बर्टने प्लायवूडचं व्यासपीठ करायचं ठरवलं. मधोमध बुंध्यासाठी भोक, व्यासपीठाचे दोन अर्धे भाग, ते झाडाभोवती दोन्हीकडून आणून जोडायचे. कागदावर हे फारच सुंदर दिसत होतं.

करवतीचा आवाज ऐकून डेल क्रेबिल आला. डेलला करवतीचा आवाज दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येतो, मात्र त्याच्याकडे दिलेली आपली शिडी परत मागितली की ऐकू येत नाही.

"खिळे मारू नकोस," डेल म्हणाला. "स्क्रू मार. खालून, वरून, सगळीकडून. नाहीतर गाडी धावली की फळी थरथरेल आणि डबे घसरतील. माझ्या चुलत्याचं तसंच झालं होतं."

"किती स्क्रू?"

"लेका, स्क्रूला काय पैसे पडतात? मार की."

नॉर्बर्टने झाड आणून स्टँडमध्ये उभं केलं, दोन्ही भाग त्याभोवती जोडले आणि स्क्रू मारले. मग चारी बाजूंनी पट्ट्या ठोकल्या, म्हणजे खालचं काही दिसायला नको. पट्ट्यांना हिरवा रंग दिला. डोंगराला प्लास्टर चढवलं, घरं गोंदाने चिकटवली, तळ्याचा आरसा बसवला. एव्हाना त्याच्या अंगात बाबा संचारले होते. मार्लीन दारात उभी राहून हे सगळं बघत होती. तिने फार शांतपणे विचारलं, "नॉर्बर्ट, झाडाला पाणी कुठून घालायचं?"

तुम्ही कधी ताजं तोडलेलं फरचं झाड घरात आणलं असेल तर तुम्हाला माहीत असेल की ते लग्नघरातल्या पाहुण्यासारखं पाणी पितं. बुंधा ज्यात रोवतात त्या स्टँडच्या वाटीत रोज पाणी ओतावं लागतं. स्टँड आता व्यासपीठाच्या खाली होता. व्यासपीठ सगळीकडून स्क्रूने आवळलेलं होतं. भोक बुंध्याच्या मापाचं होतं, आणि नॉर्बर्ट मापाला पक्का असल्यामुळे त्यातून बोटही जात नव्हतं.

"तो विचार मी केलाय," नॉर्बर्ट म्हणाला. त्याने तो केलेला नव्हता.

डेलला विचारलं तर त्याच्याकडे उपाय तयारच. बागेची नळी घ्यायची, बुंध्याशेजारी ड्रिलने बारीक भोक पाडायचं, नळी आत सोडायची, वरच्या टोकाला नरसाळं. "आणि नुसतं पाणी नको," तो आवाज खाली आणून म्हणाला. "त्यात मक्याचा पाक घाल. झाडाला ताकद येते. माझा चुलता घालायचा."

या चुलत्याचं पुढे काय झालं ते विचारायला हवं होतं. नॉर्बर्टने विचारलं नाही. फांद्यांत खांद्यापर्यंत घुसून तो रोज सकाळी नरसाळ्यात पाक घातलेलं पाणी ओतू लागला आणि आत जाणाऱ्या पाण्याचा खळखळ आवाज ऐकून समाधानाने मिशीत अडकलेली झाडाची सुईसारखी पानं, म्हणजे सुया, काढू लागला. मार्लीनच्या म्हणण्याप्रमाणे तो एक दिवस झाडाशी बोलतसुद्धा होता. "पी, बाळा, पी," असं म्हणत होता.

झाड काही पीत नव्हतं. नळीचं टोक स्टँडच्या बाहेर पडलेलं होतं. पाणी गालिचाखाली जिरत होतं, आणि नरसाळ्यातून जे सांडत होतं ते फांद्यांवरून थेंबाथेंबाने खाली, सरळ रुळांवर. पहिला पत्ता लागला तो मार्लीनच्या मोज्यांना. दिवाणखान्यात चालताना ते गालिचाला चिकटून तिथेच राहू लागले. दुसरा पत्ता लागला तो कानांना. रात्री घर शांत झालं की झाडावरून सुया पडताना ऐकू यायच्या. आधी एखादी, मग सरी.

"फिरव हात," मार्लीन म्हणाली. नॉर्बर्टने फांदीवरून हात फिरवला. मूठभर सुया हातात आल्या आणि उरलेल्या पुठ्ठ्याच्या चर्चवर कोसळल्या.

"व्यासपीठ उघड."

"डोंगर चिकटवलाय त्यावर."

"मग डोंगर फोड."

"मार्लीन, डोंगर असे फोडत नाहीत," नॉर्बर्ट म्हणाला आणि तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पण अपमान झाला की तो तिकडेच बघतो.

आणि मग नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दारात डेल क्रेबिल उभा. पण डोक्यावर हेल्मेट, अंगात पिवळा डगला, हातात पाटी. आमच्या गावात पगारी अग्निशमन दल नाही. जे आहे ते गावकऱ्यांचंच, आणि नाताळच्या सुमारास वाळलेली झाडं शोधत घरोघरी फिरायचं काम त्या वर्षी डेलकडे होतं.

"ये रे, कॉफी घेतोस?" नॉर्बर्ट म्हणाला.

"आत्ता मी शेजारी म्हणून आलेलो नाही, नॉर्बर्ट," डेल म्हणाला. "मिस्टर स्टॉफर. झाड कुठे आहे?"

"कुठे आहे म्हणजे? तूच तर परवा त्याच्या..."

"झाड दाखवा."

झाड दाखवलं. डेलने हातमोजा काढला, एक सुई दोन बोटांत धरून वाकवली. कट् असा आवाज झाला. त्याने दुसरी वाकवली. कट्. मग तो झाडाखाली वाकला, रुळांवरून बोट फिरवलं, ते चाटून बघितलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पाक."

"तूच सांगितलास!"

"मी शेजारी म्हणून सांगितला असेल. दलाचं तसं काही मत नाही." त्याने पाटीवर काहीतरी खरडलं. "झाड वाळून काडी झालंय. खाली विजेची गाडी. मिस्टर स्टॉफर, हे झाड आज घरात राहू शकत नाही. मला फार वाईट वाटतंय." आणि खरंच त्याला वाईट वाटत होतं. हेल्मेटखालचा चेहरा अगदी उतरला होता.

"डेल, आज संध्याकाळी आई येतेय," नॉर्बर्ट म्हणाला.

डेलने हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं. "करवत कुठे आहे तुझी?"

व्यासपीठ उघडणं शक्य नव्हतं, म्हणून दोघांनी मिळून झाड व्यासपीठाच्या वरच कापलं. एवढ्या सुया एका खोलीत पडल्याचं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही. झाड दारातून बाहेर नेताना उरल्यासुरल्या सुयाही आतच राहिल्या, आणि अंगणात जे पोचलं त्याला झाड म्हणणं धाडसाचं होतं. आत राहिलं ते गाव. घरं, डोंगर, तळं, मेंढ्या, आणि गावाच्या मधोमध एक खुंट. मार्लीनने त्या खुंटावर आपला भरतकामाचा टेबलक्लॉथ अंथरला आणि वर एक मेणबत्ती ठेवली. ती पेटवायची नाही, असं डेलने दलातर्फे बजावलं.

संध्याकाळी नॉर्बर्ट आईला घेऊन आला. हिल्डाबाईंनी नवा निळा कोट घातला होता. दारात पाय पुसून त्या आत आल्या, दिवाणखान्याच्या उंबऱ्याशी थांबल्या आणि त्यांनी टेबलक्लॉथ पांघरलेल्या खुंटाकडे पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या.

अजून गाडी आहे, नॉर्बर्टने स्वतःला बजावलं. आईला खुर्चीवर बसवलं, बाबांचा जुना ट्रान्सफॉर्मर लावला, त्याची वेगाची दांडी पुढे सरकवली. ट्रान्सफॉर्मर गुरगुरला. इंजिनाचा दिवा लागला. गाडी वीतभर पुढे गेली, एका सुईवर अडखळली आणि पाकात चिकटून थांबली.

त्याने रूळ फडक्याने पुसले. फडकं चिकटलं. फडकं सोडवताना एक मेंढी तळ्यात पडली. पुन्हा दांडी. गाडी उलटी दोन बोटं मागे आली आणि थांबली. तेवढ्यात डेल मागच्या दाराने डोकावला. या खेपेला हेल्मेट नव्हतं, हातात पाय होता, सफरचंदाचं सारण भरून ताटात भाजलेला. "आता मी शेजारी म्हणून आलोय," तो म्हणाला. त्याची बायको बहिणीकडे पिट्सबर्गला गेलेली होती आणि त्याच्या घरी जेवायला त्याच्याखेरीज कुणी नव्हतं, हे मार्लीनला ठाऊक असल्याने तिने मुकाट्याने आणखी एक ताट मांडलं. टेबलावर हॅम आला, बटाट्याचं सारण आलं, साईत शिजवलेला वाळका मका आला. नॉर्बर्ट जमिनीवर पोटावर पडून इंजिन ढकलत होता. त्याच्या शर्टाला सुया चिकटल्या होत्या, कोपराला पाक.

हिल्डाबाई बंद गाडीकडे बघून हसल्या. "मला इथूनही छान दिसतंय हं. थँक्यू, नॉर्बर्ट."

ते 'थँक्यू' त्याला लागलं. तो उठून बसला.

"छान नाहीये, आई!" तो म्हणाला, आणि मार्लीन चमचा हातात घेऊन तशीच थांबली, कारण नॉर्बर्ट कधी आवाज चढवत नाही. "काहीही छान नाहीये. झाड गेलं, गालिचा गेला, गाडी चालत नाही. तिथलं सूपही छान नसतं, मी चाखलंय. तू सगळ्याला छान का म्हणतेस? एकदा तरी ओरड ना माझ्यावर! पूर्वी ओरडायचीस तशी."

पायचं ताट टेबलावर ठेवावं की धरूनच उभं राहावं हे डेलला सुचेना. हिल्डाबाईंनी हातातली पर्स बंद केली. मग उघडली. मग पुन्हा बंद केली.

"तिथे माझं कोण ऐकणार, नॉर्बर्ट?" त्या हळू म्हणाल्या. "कामाला असलेल्या मुली पोरसवदा आहेत बिचाऱ्या, दमलेल्या असतात. आणि तू आठवड्यातून एकदा येतोस. ओरडले तर येशील का पुढच्या रविवारी?"

"येईन! रोज येईन!"

"रोज नको," त्या म्हणाल्या. आणि मग त्यांनी मुलाकडे नीट, डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. कपाळावर एक आठी उमटली. ती आठी नॉर्बर्टने दोन वर्षांत पाहिली नव्हती.

"रुळांवर पाक कुणी ओतला?"

"डेल म्हणाला की..."

"डेल म्हणाला! डेल उद्या छपरावर चढून नाच म्हणाला तर नाचशील? आणि तुम्ही हो, एवढे मोठे बाप्ये, फरच्या झाडाला पाक पाजतात? त्याला काय खोकला झाला होता?" डेलने पायचं ताट छातीशी धरलं. "आणि मार्लीन, हा झाड आवळत होता तेव्हा तू काय करत होतीस?"

"मी विचारलं होतं," मार्लीन म्हणाली.

"विचारून काय होतंय? याचा बापही विचारून ऐकणारा नव्हता. कोट धर माझा. गरम पाणी आण. आणि खोडरबर आण, शाळेतला, गुलाबी. दोन असतील तर दोन आण."

ठेंगणं स्टूल आलं, गरम पाणी आलं, खोडरबर आले. हिल्डाबाई बाह्या सरसावून बसल्या आणि एकेक रूळ घासू लागल्या, आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, मग रबराने. इंजिन उलटं करून त्यांनी केसांतली पिन काढली आणि चाकांतून सुया टोकरून काढल्या. नॉर्बर्ट आ वासून बघत होता. तो सगळ्या अमेरिकेतल्या खेळण्यांची जन्मकथा सांगू शकला असता. हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.

"आई, तुला हे कसं येतं?"

त्यांनी इंजिन रुळांवर ठेवलं, डबे जोडले, शेवटी गार्डाचा लाल डबा. मग दांडीवर हात ठेवला आणि ती सरळ शेवटपर्यंत ढकलली.

गाडी सुटली. डोंगराला वळसा, चर्चच्या पुढून, तळ्याच्या काठाने. मेंढ्या थरथरल्या.

"आई, हळू! वळणावर घसरेल! बाबा म्हणायचे..."

"तुझे बाबा घरी असताना म्हणायचे," हिल्डाबाई म्हणाल्या. "ते ड्युटीवर गेले आणि तू शाळेत गेलास की घरात कोण उरायचं? मी आणि ही." गाडी खुंटाला वळसा घालून पुन्हा आली. "वळणावर घसरत नाही. मी किती वेळा बघितलंय."

"पण तू तर आम्हाला ओरडायचीस! बंद करा म्हणून!"

"नाहीतर काय करणार? तुम्ही बापलेक कधी मला हात लावू देत होतात? 'नाजूक आहे हं हिल्डा.' नाजूक! दुपारभर मी पळवायचे, आणि संध्याकाळी तुम्ही गोगलगायीसारखी चालवायचात ती मला बघवायची नाही." त्यांचे डोळे गाडीबरोबर फिरत होते, गाल लाल झाले होते. "फार मजा यायची रे, नॉर्बर्ट. कुणाला सांगितलं नाही कधी. तुझ्या बाबांना वाईट वाटलं असतं."

नॉर्बर्ट जमिनीवरच बसून राहिला. इतकी वर्षं तो जे वाक्य ऐकायला धडपडत होता त्याच्यामागे हे होतं. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि शर्टाच्या बाहीला पाक असल्याने डोळे पुसायची सोय नव्हती. त्याने मग मार्लीनच्या फडक्याने पुसले.

गाडीने किती फेरे घातले ते कुणी मोजलं नाही. डेलने हळूच पायचं ताट टेबलावर ठेवलं आणि हॅमकडे पाहिलं. बटाट्याच्या सारणावरची वाफ केव्हाच गेली होती. साईवर साय धरली होती. मार्लीनने नवऱ्याला डोळ्याने खुणावलं. नॉर्बर्टने घसा साफ केला.

"आई," तो म्हणाला, "बंद कर आता ती गाडी, जेवण गार होतंय."

हिल्डाबाईंनी मान वर केली नाही.

"होऊ दे," त्या म्हणाल्या, आणि शिट्टीचं बटण दाबलं.